म्यूट करून बघा

पुरस्कार सोहळा लागतो त्या रात्री
रिमोट माझ्याकडे असतो,
आणि पहिलं गाणं मी आवाज बंद करून बघतो.
शीलप्रभा म्हणते, गाण्याचा कार्यक्रम, आणि आवाज बंद?
मी म्हणतो, थांब. गळा बघ.
वर चढताना माणसाच्या मानेची शीर उठते.
हिची उठत नाही.
म्हणजे ओठ तेवढे आजचे,
गाणं आधीच डब्यात भरून ठेवलेलं,
दिवाळीच्या चिवड्यासारखं.

सव्वीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे मी.
सिडकोत, पवननगरच्या गाळ्यात चार टॉप, दोन बेस
आणि एक मिक्सर, ज्याचा सातवा चॅनल
डिसेंबरच्या गारठ्यात करकरतो.
हळदी केल्या, जयंत्या केल्या, गंगेवरच्या सभा केल्या.
डोंगरे मैदानावर सात पायऱ्या चढून आलेला निवेदक
माइकसमोर आधी धापा टाकतो, मग नमस्कार म्हणतो.
आणि ही बाई छतातून दोरीने उतरते,
भोवती चौदा जण नाचतायत, आगीचे फवारे,
आणि श्वास एकदाही ऐकू येत नाही?
कोणाला सांगता, भो.

परवा एकच जण खरा गायला.
जाडसर होता, काखेत घाम,
बूट बहुतेक कोणाचे तरी आणलेले.
दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटला
आणि कॅमेरा लगेच पहिल्या रांगेतल्या हारांवर गेला.
मी सोफ्यावरून उभा राहिलो.
फाटला, म्हणजे कापड होतं!
शीलप्रभा म्हणाली, बसा, कुकर पडेल.
(कुकर स्वयंपाकघरात होता. ती असंच बोलते.)
बक्षीस अर्थातच दोरीवालीला.

मग मधेमधे तो सुटातला विनोदवाला.
बायको खरेदीला गेली, सासू राहायला आली,
यावर माझ्या वडिलांच्या वेळीही कोणी हसत नव्हतं.
पण हशा येतो. दणकून येतो.
मी कान दिला.
हशाच्या शेपटीला, डावीकडून, एक बाई
'अग्गंबाई' केल्यासारखी हुंकारते.
तीन विनोद झाले.
तीच बाई, तीच जागा, तोच हुंकार.
कोण असेल ती?
कधी, कशाला हसली असेल खरंच, एकदाच?
तेव्हापासून तिला वापरतायत.

आणि मंगळवारी कॉलेज रोडला, एका कॅफेत,
एक स्पीकर, एक माइक, सातशे रुपये भाडं.
खुर्च्या एकोणीस, माणसं अकरा.
सौमित्र दिघोळे नावाचं पोरगं उभं राहिलं,
नाशिकरोडचं, हातातला कागद थरथरत होता.
पहिल्या दोन विनोदांना कोणी हललं नाही.
तिसऱ्याला नेमकं कॉफीचं मशीन फुसफुसलं.
मी काउंटरवरच्या मुलाला खूण केली, बंद कर जरा.
मग ते म्हणालं,
"माझे पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये आहेत.
दिवसभर कोट्यवधी मोजतात
आणि संध्याकाळी रिक्षासाठी
माझ्याकडे दहा रुपये मागतात."

दोघं-तिघं हसले. थांबले.
आणि मग, उशिरा,
शेवटच्या खुर्चीतून, हेल्मेट मांडीवर घेतलेला एक माणूस
बंद पडलेल्या पंपासारखा हसायला लागला,
आधी नुसती हवा,
मग खडखड,
मग एकदम पाणी.
पोराने तिकडे बघितलं आणि पुढचं सगळं विसरलं.
कागद उलटा धरून उभं राहिलं.

माझं बोट फेडरवर होतं,
पण वर करायला काही नव्हतं.
त्या खुर्चीला माइक कुठे होता?

सातशेतले दोनशे मी परत दिले.
शीलप्रभाला अजून सांगितलेलं नाही.

एक तक्रार मात्र आहे.
पोरगं माइक तोंडापासून वीतभर लांब धरतं.
सांगितलंय त्याला.
पुढच्या मंगळवारी बघू.